सीनरीतला किल्ला

परतवाड्याच्या आमच्या घरी बैठकीच्या भिंतीवर एक किल्ला होता. तो कुठल्या देशातला, कुणी बांधला, तिथं कधी लढाई झाली की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारावंसंही कुणाला वाटलं नव्हतं. घरात त्याला नाव एकच, सीनरी. ‘सीनरीखाली बस’, ‘सीनरीच्या खिळ्याला पिशवी अडकव’, ‘पाहुण्यांना सीनरीसमोरची खुर्ची दे.’ निळंभोर तळं, तळ्यात उलटा पडलेला तोच किल्ला, टोकदार टोप्या घातलेले चार बुरूज, आणि मागे असा पांढरा डोंगर की पाऊल ठेवलं तर पिठीसाखरेत रुतावं. एका आरा मशीनवाल्यानं दिवाळीला वाटलेल्या कॅलेंडरावरचं ते चित्र. वर्ष संपलं, तारखांच्या पाठीवर किराण्याच्या याद्या झाल्या, किल्ला तेवढा उरला. आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्याला सागाची चौकट करून घेतली. परतवाड्यात त्याचं नवल नाही. मेळघाटाचं लाकूड जिथं उतरतं त्या गावात चुलीत जाणारी ढलपीसुद्धा सागाची असायची. चित्र फुकटाचं आणि चौकट तीन पिढ्या टिकेल अशी. तिच्या मानानं पाहिलं तर तो किल्ला आमच्याकडे घरजावई होता.

या किल्ल्याचा उजवा बुरूज माझ्या डोळ्यांदेखत पडला. काचेच्या आत कुठून कसर शिरली कोण जाणे. तिनं आधी झेंडा खाल्ला, मग टोपी, मग वरून खाली एकेक मजला, सगळं सावकाश, पावसाळ्यामागून पावसाळा. तिकडे चिखलदऱ्याच्या डोंगरात आमचा खरा गाविलगड आहे. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तोफा डोंगरावर चढवून त्याच्या तटाला खिंडार पाडलं, १५ तारखेला गड घेतला आणि दोन दिवसांनी देवगावला तह झाला. त्या तहात नागपूरकर रघूजी भोसल्यांचं कटक गेलं, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. गाविलगड आणि नरनाळा मात्र त्यांच्याकडेच राहिले. मुलूख गेला नि किल्ले राहिले. शाळेत हे शिकताना तो तह मला फार सोयीचा वाटला होता. आमच्या घरीही साधारण तसंच होतं. फक्त आमचा किल्ला कसरीच्या वेढ्यात होता आणि तिला तहाची घाई नव्हती.

गाविलगडाचं चित्र आमच्या आळीत कुणाच्याच घरी नव्हतं. स्वच्छ दिवशी गच्चीवरून त्या रांगांची निळी रेघ दिसायची, तरी नव्हतं. पुढे पुष्कळ वर्षांनी बर्नार्ड कॉर्नवेल नावाच्या इंग्रज कादंबरीकारानं याच गडावर एक अख्खी कादंबरी लिहिली. ते ऐकून आमच्याकडे लोकांनी ‘आपला गाविलगड?’ असं अशा सुरात विचारलं, जणू शेजारच्या भाऊजींचा फोटो पेपरात आला होता. कारण उघड आहे. गाविलगडाला आम्ही सहलीला जात असू. दिल्ली दरवाजाच्या सावलीत चिवडा खात असू आणि वरच्या दगडात कोरलेल्या गंडभेरुंडाकडे पाहून ‘हा कोंबडा की काय?’ असं एकमेकांना विचारत असू. जिथं आपण डबा सोडला त्या जागेचं चित्र लावून पाहुण्यांवर काय छाप पडणार? भिंतीवर लावायचा किल्ला असा हवा की तिथं कुणाच्याच सात पिढ्यांत कुणी चिवडा सांडलेला नसावा.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण गेल्या दिवाळीत पोस्टानं आलेला एक कागद. भाची नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. आम्स्टरडॅमला एका जुन्या बोळात पुस्तकवाले बसतात, तिथं तिला तो मिळाला. ‘मामा, तुमच्यासाठी सीनरी पाठवली आहे,’ एवढाच निरोप. पोस्टकार्डाहून जेमतेम मोठा, चहात बुडवून वाळवल्यासारख्या रंगाचा, पुस्तकातून सुटा केलेला कागद. त्यावर तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं काळ्या रेघांचं चित्र. खंदकाचं पाणी. पाण्यापलीकडे अर्धा पडलेला किल्ला, एका बुरुजाच्या डोक्यावर उगवलेलं झाड. अलीकडच्या काठावर लांब कोटातले दोन गृहस्थ. एक काठी रोखून किल्ला दाखवतो आहे, दुसरा मान वर करून पाहतो आहे. थोडं बाजूला दोन गाई आणि किल्ल्याकडे पाठ करून बसलेला गुराखी. खिडक्यांत कुणी नाही. खाली नाव असावं, पण कागदाचा तो भाग कुणीतरी चौकटीत बसवण्यासाठी कापून टाकलेला. म्हणजे हाही किल्ला बिननावाचाच. चौकटीच्या मापानं किल्ल्याचं नाव कापणारा तो माणूस मला आबाजींचा लांबचा भाऊबंद वाटला.

विकणारा म्हणाला, हे राडेमाकरचं. अब्राहम राडेमाकरनं १७२५ साली अशी तीनशे चित्रं कोरून एक ग्रंथ काढला होता, त्याचं नाव भाषांतर करून सांगायचं तर ‘नेदरलँड्समधल्या पुरातन वास्तूंचं आणि देखाव्यांचं कपाट’. पुस्तकाला कपाट म्हणणारे लोक मला आवडतात. वाचलं पाहिजे असं त्यांनी कुणावर बंधन घातलेलं नसतं. स्पॅनिश राजवटीशी झालेल्या लांबलचक लढ्यात हॉलंडातले पुष्कळ किल्ले पडले होते. राडेमाकरनं काही त्याच्या काळी उरले होते तसे दाखवले, काही जुन्या चित्रांवरून पूर्वी होते तसे, आणि गिऱ्हाइकांनी दोन्ही प्रकार सारख्याच आनंदानं घेतले. त्याच सुमाराला कॉर्नेलिस प्रोंक आणि अब्राहम द हान हे चित्रकार वह्या घेऊन गावोगाव हिंडत होते आणि त्यांच्यासोबत आंद्रीस स्खूमाकर नावाचा एक हौशी म्हातारा असे. तो आम्स्टरडॅमचा कापडाचा व्यापारी. ते दोघं चित्रं काढीत, हा वर्णनं लिहून ठेवी. काठी रोखणारा तो गृहस्थ मला पुढे अशा चित्रांतून वारंवार भेटला, मोजणीच्या कारकुनासारखा प्रत्येक गावाला हजर. मनातल्या मनात मी त्याला स्खूमाकर म्हणतो. दुकान मुलावर टाकून, लांब कोट चढवून, दुसऱ्यांचे किल्ले तिसऱ्याला दाखवत फिरणारा कापडवाला. अमरावतीच्या कापड बाजारात तो आला असता तर त्याला ओळखीचे चेहरे निघाले असते.

आणि कापूस निघाला की वऱ्हाडी माणसाचं मन बांधावर थांबत नाही. त्या काळी आमच्याकडचा कापूस लमाणांच्या बैलांवरून थेट पूर्वकिनाऱ्याकडे, मच्छलीपट्टणच्या बाजूच्या विणकरांकडे जात असे, आणि मच्छलीपट्टणला डचांची वखार होती. तेव्हा स्खूमाकरच्या दुकानातल्या एखाद्या छिटाच्या ठाणात आमच्या काळीतलं एखादं बोंड नसेलच असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. असेलच असंही नाही. पण सीनरीखाली बसून केलेल्या विचाराला जकात पडत नाही, म्हणून मी तो केला.

भाचीनं फोनवर या आडनावांचे अर्थ सांगितले तेव्हा मात्र मी उठून बसलो. स्खूमाकर म्हणजे जोडे शिवणारा. राडेमाकर म्हणजे चाकं करणारा. आणि या सगळ्यांच्या आधी, सतराव्या शतकात, आम्स्टरडॅमचा महापौर झालेला एक धनाढ्य योआन हुयदेकोपर, त्याच्या आडनावाचा अर्थ कातडी विकत घेणारा. बाप खरोखरच कातड्यांचा व्यापार करी. लेकानं फेख्त नदीच्या काठची मार्सेवेन नावाची जहागिरी विकत घेतली आणि तेव्हापासून घराण्याची सही ‘हुयदेकोपर फान मार्सेवेन’ अशी झाली. म्हणजे नावाच्या एका टोकाला कातडं भिजत पडलंय आणि दुसऱ्या टोकाला जहागिरीचं फाटक उघडतंय, मध्ये एक ‘फान’, आपल्याकडच्या ‘कर’ एवढा लहान. असे व्यवहार तिकडे सर्रास होत. जहागिरी घेतली की शिकारीचा हक्क, गावच्या नेमणुकांत शब्द, चर्चमध्ये मानाचा बाक, आणि नशीब असेल तर एक पडका बुरूज. तो पडकाच असणं चांगलं. नव्या बंगल्याला नुसते पैसे लागतात, पडक्या बुरुजाला पूर्वज लागतात. आणि ते जागेसकट मिळत असतील तर कोण सोडेल? ज्यांना जहागिरी झेपत नसे ते छापील किल्ले घेऊन वहीत लावून ठेवत. आपल्याकडचा हिशेब वेगळा. आपल्याकडे आडनावाला चिकटलेला धंदा असा एका खरेदीखतानं मागे पडत नाही. जोडे शिवणाऱ्याच्या नावाच्या माणसानं देशमुखाच्या गढीसमोर काठी रोखून उभं राहावं, हे त्या काळच्या वऱ्हाडातल्या कुठल्याही चित्रात बसलं नसतं. ही गोष्ट मी त्या चित्राकडे पाहताना हसून सोडून द्यायला गेलो, पण ती सुटेना.

तिकडच्या देखावे रंगवणाऱ्यांतला सगळ्यात मोठा चित्रकार याकोब फान राउसडाल. तो त्याही आधीचा, पण त्याचं एक कृत्य सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सरहद्दीपलीकडे जर्मनीत बेंटहाइम नावाचा किल्ला आहे. आहे बुटक्याशा टेकाडावर. राउसडाल तरुणपणी तिथं जाऊन आला आणि पुढे अनेक चित्रांत त्यानं तो रंगवला. १६५३ साली रंगवलेलं, आता डब्लिनला असलेलं चित्र पाहिलं तर वाटतं, किल्ला ढगांना टेकलाय आणि खालून वर जायला तीन दिवस लागतील. ज्या देशात उंचवटा म्हणून फक्त बांध असतो, तिथल्या माणसाला दिसलेली टेकडी घरी पोचेपर्यंत वाढत जाणारच. मुंबईहून पहिल्यांदा आलेला पुतण्या गावातल्या नागाचं वर्णन करतो, त्यातलाच प्रकार.

आमच्या परतवाड्यातही एक राउसडाल होता, तो नाव न ठेवता गेला. फोटो स्टुडिओतला पडदा त्यानं रंगवला होता. त्या पडद्यावर किल्ला, किल्ल्याकडून थेट आपल्या पायाशी उतरणाऱ्या संगमरवरी पायऱ्या, आणि बाजूच्या पाण्यात दोन राजहंस, त्यातला एक जागा न पुरल्यानं बदक झालेला. पडद्याला वरून खाली एक घडी पडलेली होती, त्यामुळे किल्ल्याच्या दरवाजात कायमची वीज चमकलेली दिसे. खुंटीला एक कोट असायचा. कंगवा, पावडर आणि कोट यांचे वेगळे पैसे नाहीत. गावातल्या दोन पिढ्या त्या एका कोटात आणि त्या एका किल्ल्यापुढे उभ्या राहिल्या. डेपोवरचे हमाल, नवे मास्तर, दाखवायच्या फोटोसाठी वेण्या जुळवून आलेल्या मुली, आणि आमचे आबाजीसुद्धा. कोणाला खांद्यात घट्ट, कोणाला बाहीत लांब. आबाजींना तो बरोब्बर बसला होता, आणि त्याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत असे.

एकदा बाजाराच्या दिवशी मी पासपोर्ट फोटोसाठी बाकावर बसलो होतो तेव्हा मेळघाटातून उतरलेलं एक कोरकू जोडपं आत आलं. नवं लग्न झालेलं असावं. तो कोटात शिरला, ती पदर सारखा करून शेजारी उभी राहिली, दोघंही बुजलेली. फोटोवाला काळ्या फडक्याखालून ओरडत होता, ‘वर पाहा, वर, हसा.’ हजार मीटर उंचीच्या डोंगरातली ती दोघं, ज्यांच्या पायवाटा खऱ्याखुऱ्या गडाच्या बाजूनं जात असतील, खाली सपाटीवर येऊन कापडाच्या किल्ल्यापुढे श्वास धरून उभी होती. मला तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, त्यांचंच बरोबर होतं. आपल्या डोंगरातल्या गडापुढे उभं राहिलं तर आपण तिथले गुराखी दिसतो. पडद्याच्या किल्ल्यापुढे उभं राहिलं की आपण त्याचे मालक दिसतो, आणि तेवढ्यासाठी दर कुणालाही सारखाच होता.

आमची स्वतःची गढी होती. हे वाक्य मी मुद्दाम उशिरा लिहितो आहे, कारण लवकर लिहिलं की ते बढाईसारखं वाटतं आणि सावकाश समजावून सांगितलं की त्याची कीव येते. वऱ्हाडात गावच्या वस्तीला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. पांढरीच्या उंचवट्यावर पांढऱ्याच मातीची गढी. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना लागणाऱ्या एका गावानं तर तिला नावातच आणून बसवलं आहे, धामणगाव गढी. आमचं गाव त्या वाटेवरचं नव्हे, पण गढ्या सगळ्या एकाच मुशीतल्या. बुडाशी रुंद नि वर निमुळती होत गेलेली भिंत, कोपऱ्यांना बुरूज, आत सागाच्या खांबांचा वाडा, विहीर, धान्याची पेवं. पेंढाऱ्यांची आवई उठली की माणसं नि धान्य आत घ्यायचं, दरवाजा लावायचा आणि वाट पाहायची, एवढंच तिचं युद्धशास्त्र. गावात मोठं कोण हे विचारावं लागत नसे. बोलताना मान किती वर करावी लागते त्यावरून कळे. ‘गढीवर’ जायचं असे. ‘गढीत’ असं गावातलं कुणी म्हणत नसे.

मग पेंढारी गेले. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं, वसुलीचं काम कारकुनांकडे गेलं. पुढे, १९६१ च्या कायद्यानंतर, सीलिंगमध्ये काळी गेली. मुलूख गेला नि किल्ला राहिला. अठरा हिस्सेदारांत गढी वाटली गेली तेव्हा आबाजींच्या वाट्याला वायव्येचा बुरूज, अर्धी विहीर आणि चिंचेची सावली आली. चिंच काकांची होती. आबाजी लाकडाच्या डेपोत कारकुनी करायला परतवाड्याला आधीच येऊन राहिले होते, आणि महिन्याकाठी एकदा जाऊन बुरूज जागेवर आहे ना ते पाहून येत. तो नसायचा, म्हणजे दर वेळी थोडा कमी असायचा. गढीची जुनी मुरलेली माती धाब्यावर अंथरायला फार चांगली, पाणी धरत नाही. शेतातही खत म्हणून घालतात. बंडीच्या भावानं ती जाई. आमचा बुरूज पावसानं नेला असं आबाजी सांगत. मोठ्या आत्याच्या लग्नात तो बंडीबंडीनं गेला असं गावातले सांगत. आजी काहीच सांगत नसे, ती नुसती आत्याच्या पाटल्यांकडे पाही. ते काही असो, पिढ्यानपिढ्या गावाच्या डोक्यावर बसलेली गढी अशा रीतीनं घरोघरच्या धाब्यांवर वाटली गेली. आमच्या बुरुजाखाली आता निदान तीस कुटुंबं कोरडी झोपत असतील. डच व्यापाऱ्यांनी पूर्वज विकत घेतले. आम्ही ते विकले, आणि माझ्या मते गिऱ्हाइकाला आमच्याकडे माल जास्त चांगला मिळाला.

आजीची गोष्ट सांगायची राहिली. ती बाराव्या-तेराव्या वर्षी लग्न होऊन गढीवर आली, पडदे सोडलेल्या दमणीतून, रात्रीची. देशमुखांच्या घरी गोषा. विहीर आत, तुळस आत, बाळंतिणीची खोली आत. माहेरी जायचं ते पुन्हा दमणीतून, पडदे बांधून. पंधरा-सोळा वर्षं ती त्या गढीवर राहिली. भिंतीला पोपडा कुठं धरलाय, कुठल्या कोनाड्यात पाल असते, कुठल्या खांबाला टेकलं की पाठ गार लागते, हे सगळं तिला मरेपर्यंत पाठ होतं. पण ती गढी दिसते कशी, हे तिला माहीत नव्हतं. तिनं ती बाहेरून कधी पाहिलीच नव्हती. हे मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि माझा विश्वास बसेना. ‘निघालात तेव्हा तरी मागं वळून पाह्यलं असशील?’ मी विचारलं. ‘पाह्यलं ना बाबू,’ ती म्हणाली, ‘पडद्याची दोरी सोडली न् पाह्यलं. पण अंधार होता. काही दिसलंच नाही. नुसतं काळं.’ नंतर ती पुन्हा गेली तेव्हा दिवस होता आणि गोषाही उरला नव्हता, पण तोवर बुरूज निम्मे खाली आले होते. ‘थे का गढी होय? थो त ढिगारा व्हता,’ असं म्हणून तिनं तो विषय संपवला.

दुपारी सगळी निजानीज झाली की ती सीनरीसमोरच्या, म्हणजे पाहुण्यांच्या, खुर्चीत बसायची. चष्मा नाकावर ओढून बराच वेळ त्या किल्ल्याकडे पाहायची. मला वाटे, जुनं वैभव आठवत असेल. त्या वयात मी सगळ्या म्हाताऱ्या माणसांना जुनं वैभव आठवायला लावीत असे. एकदा तिनं मला हाक मारली. ‘इकडे ये बरं बाबू. आपली गढीही बाहेरून अशीच दिसत असन का रे?’ मी काहीतरी बोललो असेन, की आपली मातीची, हा दगडाचा, असलंच काही शहाणपणाचं. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती बोटानं काचेवरून एकेक खिडकी मोजत होती. कसरीनं खाल्लेल्या बुरुजाशी आली तेव्हा बोट अलगद उचलून पलीकडे ठेवलं, जशी गच्चीवरून उतरताना मोडकी पायरी ओलांडायची. ‘एवढ्या खिडक्या हायेत, पण एकही बाई डोकावून नाही राह्यली. काऊन?’ आणि मग, खऱ्या काळजीनं, ‘सैपाकघर कुठं असंन याचं? धूर कुठून जाते?’

मी तेव्हा हसलो. पुढे कित्येक दिवस हा घरातला विनोदच होऊन बसला. पावसाळ्यात ओली लाकडं धुमसू लागली आणि डोळ्यांतून पाणी आलं की कुणीतरी हटकून म्हणायचं, ‘सीनरीत बरंय, धूरच नाही.’ तीही हसायची. तिनं गढीवरच्या त्या स्वयंपाकघरात पंधरा वर्षं काढली होती. भिंत संरक्षणाची म्हणून तिला बाहेरच्या अंगाला झरोका नव्हता, सगळा धूर आतल्या चौकात वळायचा, आणि तिचे डोळे त्यातच गेले असं डॉक्टर म्हणाले होते, हे मला नंतर आईनं सांगितलं. पेंढारी जाऊन शतक लोटलं होतं, पण झरोका पाडायचं कुणाला सुचलं नव्हतं. गढीची भिंत फोडली तर गाव काय म्हणेल, असं आबाजींचे वडील म्हणत.

भाचीनं पाठवलेलं चित्र आता मी टेबलावर ठेवलं आहे. चौकट करायला टाकणार आहे. सागाची नको, साधी, कारण आता सागाची परवडत नाही. टाकण्याआधी एकदा नीट पाहावं म्हणून काल दुपारी भिंग घेऊन बसलो. काठी रोखलेला स्खूमाकर, मान वर केलेला पाहुणा, पाठ फिरवून बसलेला गुराखी. तिघांकडेही पुरेसं पाहून झालं होतं, म्हणून मी आजीसारख्या खिडक्या मोजायला घेतल्या. वरच्या मजल्यावर नऊ. त्यातल्या दोनमधून पलीकडचं आभाळच दिसतं. खालच्या अंगाला, जिथं तट पडलाय, तिथं पडक्या भिंतीला टेकून कुणीतरी एक लहानसं कौलारू घर उभं केलेलं आहे; नुसत्या डोळ्याला तो मला विटांचा ढीग वाटला होता. दारात बादली किंवा तसलंच काहीतरी. माणूस दिसत नाही. पण कौलांवर एक धुराडं आहे, आणि त्यातून, सुईच्या टोकानं ओढावी तशी वाकडी, वर जाता जाता कागदातच विरून गेलेली, धुराची एक रेघ.

‘आजी, सापडलं,’ असं म्हणायला मी मान वर केली. समोर पाहुण्यांची खुर्ची होती.